धुतलेली बाटली

कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं काम करते. जॅमच्या बरणीतून लघवीचा नमुना घेऊन येणाऱ्या माणसाला परत पाठवणं हे माझं नित्यकर्म. 'चांगली धुतली होती हो मॅडम' असं ते काकुळतीने सांगतात, आणि 'धुतली म्हणूनच चालणार नाही' असं म्हणत मी त्यांच्या हातात नवी डबी ठेवते. त्यामुळे पुढचं सगळं मी जरा लाजतच सांगणार आहे.

गाडी बाबांची. २०१३ मध्ये त्यांचा डावा गुडघा क्लच दाबायला नाही म्हणू लागला, तेव्हा त्यांनी ती घेतली. चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक सेडान. ठाण्यात नौपाड्याच्या गल्ल्यांतून त्यांनी ती दहाएक वर्षं जपून चालवली. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, रात्रीचे दिवे डोळ्यांवर यायला लागले आणि चावी डोंबिवलीला माझ्याकडे आली. वर्षभरात गाडीला एक खोड लागली. 'आर' टाकला की धक्का, 'डी' टाकला की पुन्हा धक्का. शेजारी बसलेल्या माणसाची मान हलेल असा.

एका सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, सव्वा लाख धरून चाला. दुसरा म्हणाला, फक्त तेल बदला. तिसऱ्याने बजावलं की इतक्या जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललंत तर तो बसलाच म्हणून समजा. तिघांपैकी एकानेही तेल बघितलं नव्हतं. असं झालं की आमच्या धंद्यात एकच करतात, नमुना घेतात. मीही घेतला. त्यातून जे शिकले ते असं.

१. बाटली धुऊ नये.

मानपाडा रोडच्या आत एका मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडी गरम असताना त्यांनी ती रॅम्पवर घेतली, ड्रेन प्लग सैल केला आणि पहिली धार मी बाटलीत धरली. बाटली घरची, काचेची, दोनशे मिलीची. गरम पाण्याने दोनदा विसळून दहा मिनिटं पालथी घातलेली. तेवढंच नवं तेल वरून घालून मिस्त्रींनी प्लग बंद केला. नमुना वागळे इस्टेटमधल्या एका तपासणी प्रयोगशाळेत दिला. फी दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडच्या फुल बॉडी चेकअपएवढीच.

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. लोखंड १४० पीपीएम, तांबं ६०, अ‍ॅल्युमिनियम ४५, पाणी ०.२ टक्के. खाली शेरा होता, तेलात पाण्याचा अंश, कूलर तपासावा.

या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ पत्रा. तो पत्रा फुटला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि लाल तेलाचा फालुदा होतो. आतल्या क्लच प्लेटवरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं, गोंदाने चिकटवलेलं असतं. त्याला पाणी लागलं की अस्तर सुटायला लागतं. मी हे सगळं रात्री एक वाजता वाचलं. वाचायला नको होतं.

सकाळी रिपोर्ट घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काकांची सगळी नोकरी कल्याणच्या डिझेल शेडच्या प्रयोगशाळेत गेली. इंजिनांचं तेल तपासणं हाच त्यांचा उद्योग. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"सोडियम किती आहे?"

"सहा."

"पोटॅशियम?"

"दोन."

"मग हे पाणी रेडिएटरचं नाही. कूलंटमध्ये गंजाविरुद्धची औषधं असतात. ते आलं असतं तर सोडियम-पोटॅशियम घेऊन आलं असतं. हे एकटंच आलंय." मग जरा थांबून म्हणाले, "बाटली कुठली होती गं?"

मला तिथेच जॅमची बरणी दिसली. दोनशे मिलीत ०.२ टक्के म्हणजे ०.४ मिली, म्हणजे जेमतेम आठ थेंब. विसळलेल्या बाटलीच्या खांद्यात आठ थेंब आरामात बसतात.

दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेकडूनच कोरडी बाटली आणली. आमच्या लॅबमधली नवी सिरिंज आणि सलाइनची नवी नळी घेतली, आणि डिपस्टिकच्या भोकातून, तळाला न टेकवता, मधल्या थरातलं तेल ओढलं. ड्रेन प्लगची पहिली धार तळाचा गाळ घेऊन येते, त्यामुळे ती घेणं ही माझी दुसरी चूक होती. लघवीच्या नमुन्यालाही आम्ही 'मधली धार घ्या' असं दिवसातून चाळीस वेळा सांगतो. या खेपेला पाणी ०.०५ टक्क्यांच्या खाली आलं. लोखंड १३६.

२. 'माझीपण ऑटोमॅटिक आहे' याला काही अर्थ नाही.

सोसायटीत बातमी पसरल्यावर तिघे जण आपलंही तेल तपासू का म्हणून विचारायला आले. त्यातल्या दोघांच्या गाड्या एएमटी निघाल्या. भारतात हा प्रकार २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आला आणि स्वस्त म्हणून घरोघरी गेला. त्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. आत साधं गिअर ऑइल, माझ्या गाडीसारख्या ऑटोमॅटिकमधलं लाल तेल, म्हणजे एटीएफ, नव्हेच. तिसऱ्याची सीव्हीटी. तिचं तेल वेगळं, त्यात पट्टा आणि पुली एकमेकांवर घासत पण न घसरता चालायला हवेत. सीव्हीटीमध्ये भलतं एटीएफ ओतून पट्टा खराब करून घेणारी माणसं असतात. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा आणि तेवढंच ओता, एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.

३. यंत्राला जे दिसतं तेवढंच ते सांगतं.

स्वयंपाकघरात वरण उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. मी नोकरीला लागले तेव्हा रक्तातलं सोडियम आम्ही याच युक्तीने मोजायचो. फ्लेम फोटोमीटर नावाच्या यंत्रात ज्योतीवर नमुना फवारायचा आणि उजेड मोजायचा. तेलाच्या प्रयोगशाळेत त्याच युक्तीचा थोरला भाऊ असतो. आर्गॉन वायू सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त तापवून त्यात पातळ केलेलं तेल फवारतात. प्रत्येक धातू आपापल्या रंगात चमकतो आणि एकाच वेळी वीसेक धातू मोजून होतात.

काकांच्या शेडमध्ये याला नुसतं 'स्पेक्ट्रो' म्हणत. ही कल्पना मुळात आगगाडीवाल्यांचीच. १९४० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल इंजिनांच्या तेलातले धातू मोजून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. पुढच्या दशकात तिथल्या नौदलाने तीच पद्धत विमानांच्या इंजिनांना लावली. आपल्याकडे १९६० च्या दशकात डब्ल्यूडीएम-२ ही डिझेल इंजिनं आली आणि शेडमध्ये तेलाच्या नमुन्यांची रांग लागू लागली. "इंजिन बोलत नाही, तेल बोलतं" असं म्हणायची तिथे पद्धत होती का, असं मी काकांना मोठ्या उत्साहाने विचारलं. "छे," म्हणाले, "आम्ही म्हणायचो, चहा झाला का?"

कुठला धातू कुठून येतो हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा रिपोर्ट वाचता यायला लागला. लोखंड म्हणजे गिअर, शाफ्ट, बेअरिंग, क्लचच्या स्टील प्लेटा. तांबं आणि शिसं म्हणजे बुश आणि वॉशर. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे पंप, पिस्टन, बाहेरचं आवरण. सिलिकॉन वाढलं तर धूळ शिरलीय, किंवा कुणीतरी गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पॅनला सीलंट चोपडलंय. फॉस्फरस, कॅल्शियम, बोरॉन हे तेलवाल्याने स्वतःच घातलेले असतात, त्यांना घाबरायचं नसतं.

पण एक गोष्ट त्यांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. या यंत्राला बारीक कणच नीट दिसतात, साधारण पाच ते आठ मायक्रॉनपर्यंतचे. माणसाची लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची असते. म्हणजे लाल पेशीएवढ्या कणापर्यंत यंत्राची नजर पोचते, त्याहून मोठा लोखंडाचा तुकडा असला तर तो जवळजवळ अदृश्य. दात तुटून पडला तरी रिपोर्ट साजूक येऊ शकतो. मोठ्या कणांसाठी फेरोग्राफी असते. लोहचुंबकावरून तेल सरकवत नेऊन चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आणि फुकटची फेरोग्राफी गाडीतच बसवलेली असते. पॅनमध्ये लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ, मेणासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारी किरचं किंवा चमचमते पापुद्रे निघाले तर मात्र रिपोर्टची वाट बघू नये.

मिस्त्रींनी पॅन काढून मला चुंबक दाखवलं. नुसता लेप होता. हाताला लागलेला तो लेप दोन दिवस गेला नाही.

क्लचच्या अस्तराचे तंतूही स्पेक्ट्रोला दिसत नाहीत, कारण ते धातूचे नसतातच. शिवाय एटीएफचं काम मोठं विचित्र आहे. गिअरना निसटतं ठेवायचं आणि क्लचला घट्ट पकडू द्यायचं. हा घर्षणाचा तोल सांभाळणारी रसायनं त्यात मिसळलेली असतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत त्यासाठी स्पर्म व्हेलचं तेलही वापरत. नंतर व्हेलना संरक्षण मिळालं आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी सोय शोधावी लागली. तो तोल शिल्लक आहे का, हे दोन हजारांच्या तपासणीत कळत नाही. त्याची यंत्रं वेगळी, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी ती कुणी चालू करत नाही.

४. आकड्याला किलोमीटर विचारा.

१३६ जास्त की कमी? आमच्याकडे पेशंटच्या नावापुढे वय आणि लिंग नसेल तर हिमोग्लोबिनचा आकडा अर्धाच. इथे तेलाचं वय हवं. झिजलेला धातू तेलात साठतच जातो, त्यामुळे दहा हजार किलोमीटरमध्ये १३६ ही एक गोष्ट आणि सत्तर हजारांत १३६ ही निराळी. मीटरवर ७१,४०० होते. बाबांना फोन केला.

"बाबा, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं होतं का?"

"बदललं होतं की."

"कधी?"

"गणपतीच्या आधी."

"कुठल्या गणपतीच्या?"

यावर बाबा रागावले. गणपती काय दोन आहेत का, असा त्यांचा सवाल होता.

शेवटी आईने डॅशबोर्डच्या खणातून काढून ठेवलेली त्यांची पेट्रोलची डायरी सापडली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, हवेचा दाब, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ३८,२०० वर नोंद होती, 'गिअर तेल बदलले, २.५ लि.' त्या एका ओळीने दोन्ही रिपोर्टांचा अर्थ बदलला. तेल सत्तर हजारांचं नव्हतं. आणि पूर्ण तेहतीस हजारांचंही नव्हतं, ते कसं, ते पुढं येतंच.

डायरीची ती ओळ मिळाली नसती तर दोन रिपोर्टांचे चार हजार मी गटारात घातले असते, असं आजही वाटतं.

५. गिअरबॉक्सचं तेल विरजणासारखं असतं.

या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये सगळं मिळून सुमारे सहा लिटर तेल असतं. प्लग उघडल्यावर बाहेर पडतं ते अडीच लिटरच्या आतलंच, माझ्या वेळी २.४ लिटर. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, नळ्यांत, कूलरमध्ये अडकून बसतं. म्हणजे 'तेल बदललं' याचा अर्थ साठ टक्के जुनंच आत राहिलं. विरजणात जसं कालचं दही उद्याच्या दह्यात जातं, तसं हे.

काकांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एकदा बदललं की जुनं ६० टक्के. पुन्हा बदललं की ६० चे ६० टक्के, म्हणजे ३६. तिसऱ्यांदा साडेएकवीस. चौथ्यांदा पैसे घालवण्यात राम नाही. मग आम्ही हजार-हजार किलोमीटरच्या अंतराने तीनदा बदललं. दाबाने एकाच वेळी सगळं तेल ढकलून काढणारी यंत्रं काही गॅरेजांत असतात. पण जुन्या गिअरबॉक्सवर ती लावायला मिस्त्री तयार नव्हते. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं की नुसती भीती होती, कोण जाणे, पण ज्याच्या हाताखाली गाडी आहे त्याच्या मनाविरुद्ध करून घेण्यात मजा नसते.

यानंतर पाच हजार किलोमीटर झाल्यावर तिसरा रिपोर्ट आला. लोखंड ४३. मी लगेच त्रैराशिक मांडलं. पाच हजारांत ४३ तर तीस हजारांत २५८! पळत तिसऱ्या मजल्यावर गेले. काका शांतपणे म्हणाले, "विरजण विसरलीस." तीनदा बदलल्यावरही जुन्या १३६ मधले २९ आतच होते. नवी झीज फक्त चौदाची, म्हणजे हजार किलोमीटरला पावणेतीनच्या आसपास. २०१८ च्या आधीच्या तेलाचा वाटा वजा केला तर आधीचा वेगही साधारण एवढाच निघत होता. गाडी जशी झिजत आली तशीच झिजत होती. नव्या गाडीचे भाग पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये एकमेकांना घासून बसतात तेव्हा जे लोखंड सुटतं, त्याचाही थोडा अंश इतकी वर्षं तसाच फिरत असणार.

६. फॉर्ममध्ये 'कार ऑइल' असं लिहू नये.

मी तेच लिहिलं होतं. त्यामुळे पहिल्या रिपोर्टात घट्टपणाच्या रकान्यात शंभर अंश सेल्सिअसला ५.९ हा आकडा आणि पुढे ठळक 'कमी' असा शिक्का. त्यांनी इंजिन ऑइलची मर्यादा लावली होती. पाच-डब्ल्यू-तीसचं इंजिन ऑइल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ च्या दरम्यान असतं. एटीएफ मुळातच पातळ. या जुन्या जातीचं नवं तेल सात-साडेसातच्या आसपास, आणि हल्लीची पातळ तेलं सहाच्या जवळ. म्हणजे माझं तेल पातळ झालं होतं हे खरं, पण जितकं दाखवलं तितकं नाही. बाईच्या रक्ताला पुरुषाची मर्यादा लावली की निम्म्या बायका आजारी निघतात, तसलाच प्रकार.

तळणीचं तेल वापरून वापरून घट्ट होतं, मग हे पातळ का, हा प्रश्न मला छळत होता. तेलात लांबलचक रेणूंचे धागे मिसळलेले असतात, ते गरमीत तेल फार पातळ होऊ देत नाहीत. गिअरच्या दातांत सापडून ते धागे तुटतात आणि तेल आधी पातळ होतं. मग उष्णतेने आणि हवेने जळत जाऊन पुन्हा घट्ट होतं. जळण्याची ती पायरी आम्लता मोजून कळते, म्हणजे आपण खवट तूप नाकाने ओळखतो तेच, फक्त आकड्यात. वडेवाल्याच्या कढईतल्या तेलासाठी देशात कायदा आहे, त्यात बिघडलेले घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तळायला वापरायचं नाही. गिअरबॉक्सच्या तेलावर मात्र 'आयुष्यभरासाठी' असं बिनधास्त लिहितात. कुणाच्या आयुष्यभरासाठी, ते लिहीत नाहीत.

७. रंगाला फसू नका, वासाला मान द्या.

एटीएफचा लाल रंग हा नुसता रंग आहे. जमिनीवर पडलेला डाग इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे ओळखू यावं म्हणून घातलेला. तो थोड्या महिन्यांतच विटकरी होतो आणि त्यावरून तेल मेलं असं ठरत नाही. डोंबिवलीकरांना तरी रंगाचं काय सांगायचं? आमच्याकडे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या होत्या आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता.

करपल्याचा वास आला तर मात्र तो खराच असतो. काकांनी मला शेडमधली आणखी एक सोपी रीत दाखवली. ब्लॉटर टेस्ट म्हणतात तिला. फिल्टर पेपरवर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि रात्रभर ठेवायचा. चांगलं तेल पसरत जातं, खराब तेलाचा काळा ठिपका मध्येच थिजतो. आमचा कागद कालनिर्णयमागे अडकवला होता. सकाळी गुलाबी चंद्र उगवला होता, मध्ये थोडा मळकट.

८. कोंडीत मीटर थांबतं, तेल थांबत नाही.

कल्याणचा पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. त्या मधल्या काळात बाबा आम्हाला भेटायला ठाण्याहून यायचे ते मुंब्रा बायपास, शिळफाटा, मग कल्याण-शीळ रस्ता असे, आणि कल्याणला आत्याकडे जायचं तर पत्रीपुलाच्या तोंडाशी तासभर. डायरीत त्या दिवसांचे किलोमीटर सगळ्यात कमी आणि पेट्रोल सगळ्यात जास्त आहे. मुंगीच्या पावलाने सरकताना टॉर्क कन्व्हर्टरचे दोन पंखे एकमेकांशी जोडले जात नाहीत. मधलं तेल नुसतं घुसळलं जातं आणि ती सगळी ताकद उष्णतेत जाते. मोकळ्या रस्त्यावर आतला लॉक बसतो आणि घुसळण थांबते. तेलाचं जळणं दर दहा अंशांना दुप्पट होतं असा ढोबळ नियम आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाच्या दिवसांत गाडी चालवणाऱ्याने छापील किलोमीटरच्या निम्म्यावर तेल बघावं, असं माझं मत आहे. हे माझं मत आहे, कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

९. रिपोर्ट चांगला आला आणि धक्का तसाच राहिला.

तीन रिपोर्ट, तीनदा तेल, आणि 'आर' टाकला की मान हलतेच. गिअरबॉक्स निर्दोष आहे म्हणावं तर धक्का मारतंय कोण? मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, मला ब्रेक घट्ट दाबून 'डी', 'आर', 'डी' करायला सांगितलं आणि स्वतः इंजिनाकडे बघत उभे राहिले.

"ताई, इंजिन उड्या मारतंय."

इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटांवर बसवलेले असतात त्यातलं एक फाटलं होतं. गिअर पडला की सगळं धूड उचललं जायचं आणि आपटायचं. माउंट बदललं. मजुरीसकट खर्च काही हजारांत आटोपला. धक्का गेला. तेलात याचा एक कणही दिसला नसता, कारण रबर तेलात नव्हतंच.

मग तपासणी वाया गेली का? नवऱ्याचं मत, गेली. माझं नाही. सव्वा लाखाचा गिअरबॉक्स न उघडण्याचं धैर्य मला त्या आकड्यांनी दिलं. पोटदुखीला आधी रक्त तपासतात, आणि ते चांगलं आलं की डॉक्टर पोटावर हात ठेवतो. त्याने हात आधीच ठेवायला हवा होता हे खरं, पण हल्ली हात ठेवणारेच कमी झालेत. उलट तेल काळं निघालं असतं, चुंबकावर किरचं निघाली असती, तर माउंट बदलून मी खुशीत फिरले असते आणि गिअरबॉक्सने मला माळशेज घाटात सोडलं असतं.

काकांनी मात्र या यशात वाटा घ्यायला नकार दिला. "शेडमध्येही असंच व्हायचं. तेल ठीक असायचं आणि इंजिन बंद. मग फिटर यायचा."

१०. काढलेल्या तेलाचा पत्ता ठरवून ठेवा.

तीनदा बदलल्यावर सात लिटरच्या वर जुनं तेल जमलं. सोसायटीतल्या एकाने सुचवलं, झुरळांसाठी चेंबरमध्ये ओता. आमच्या चेंबरचं पाणी नाल्यात आणि नाल्याचं खाडीत जातं. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. मिस्त्रींकडे पिंप आहे, ते भरलं की नेणारा माणूस येतो. त्याच्याकडे कागद आहेत का, हे मी विचारलं. मिस्त्रींना ते फारसं आवडलं नाही, पण कागद दाखवले.

नोंदी आता मीच करते, बाबांच्याच डायरीत, त्यांच्या अक्षराखाली. तारीख, किलोमीटर, किती काढलं, किती घातलं, नमुना कुठून घेतला, बाटली कुणाची. रविवारी ठाण्याला गेले की बाबा ती मागून घेतात आणि चष्मा लावून तपासतात. परवा म्हणाले, पुढचा नमुना कधी देणार आहेस?

"गणपतीच्या आधी," मी म्हटलं.

"कुठल्या?" बाबांनी विचारलं.